क्रीट बेटावरची सुट्टी: आखणीची सुरुवात वाऱ्यापासून करावी

भूमध्य समुद्रातले बेट म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक आटोपशीर जागा उभी राहते: हॉटेलातून बाहेर पडले की पुळण, आणि मोटार घेतली की दोन-तीन तासांत बेटाला वळसा. ग्रीसचे क्रीट या चित्रात बसत नाही. हे बेट पूर्व-पश्चिम सुमारे 260 किलोमीटर लांब आहे, त्याची रुंदी कुठे 60 किलोमीटर, तर इएरापेत्रा गावाजवळ अवघी 12 किलोमीटर आहे, आणि क्षेत्रफळ गोवा राज्याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे 8,300 चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. बेटाच्या मध्यातून डोंगरांची रांग गेली आहे. पश्चिमेकडचे श्वेत पर्वत आणि मध्यभागाचा प्सिलोरितिस हे दोन्ही 2,450 मीटरच्या वर जातात, आणि त्यांच्या माथ्यावर मे महिन्यातही बर्फाचे पट्टे दिसू शकतात. त्यामुळे उत्तर किनारा आणि दक्षिण किनारा एकाच बेटावर असूनही हवामान, लाटा, रस्ते आणि गर्दी या सगळ्याच बाबतींत वेगळे आहेत. सुट्टीची आखणी कठीण वाटते ती याच कारणाने, आणि ऊन मुबलक मिळणार हे गृहीत धरले की उरतो तो प्रश्न मुख्यतः वाऱ्याचा असतो.

जून ते सप्टेंबर या काळात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, एजियन समुद्रावर उत्तरेकडून एक कोरडा, जोरकस वारा वाहतो. ग्रीक लोक त्याला मेल्टेमी म्हणतात. तो वादळी ढगांसोबत येत नाही, आकाश स्वच्छ निळे असतानाच येतो, म्हणून नवख्या पर्यटकाला त्याचा अंदाज येत नाही. एकदा सुरू झाला की अनेकदा काही दिवस टिकतो, दुपारी चढतो आणि रात्री बहुधा उतरतो. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, आणि ते थेट आपल्या पावसाळ्यापर्यंत येऊन पोहोचते. उन्हाळ्यात वायव्य भारत आणि पाकिस्तानवर जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो, त्याचे एक टोक इराण, इराकवरून तुर्कस्तानपर्यंत पसरते. त्याच सुमारास बाल्कन देशांवर हवेचा दाब जास्त असतो. या दोहोंच्या मध्ये एजियन समुद्र सापडतो आणि हवा उत्तरेकडून दक्षिणेकडे लोटली जाते. दुसरी गोष्ट अशी की, मोसमी पावसाच्या प्रदेशावर प्रचंड प्रमाणात वर चढलेली हवा कुठेतरी खाली उतरावीच लागते, आणि तिच्या उतरण्याचा परिणाम पूर्व भूमध्य प्रदेशापर्यंत जाणवतो. खाली उतरणारी हवा तापते आणि कोरडी होते, त्यामुळे ढग बनत नाहीत. म्हणजे जुलैमध्ये कोकणात ज्या यंत्रणेमुळे संततधार लागते, तिचाच हातभार क्रीटवरच्या निरभ्र आकाशाला आणि वाऱ्याला लागलेला असतो. पावसाळ्यात इथे सुट्टी काढून तिथे जाणाऱ्या मराठी कुटुंबाला एकाच व्यवस्थेची दोन टोके पाहायला मिळतात, असे म्हणायला हरकत नाही.

आता हा वारा पुळणीवर काय करतो ते पाहू. क्रीटचा उत्तर किनारा मेल्टेमीला सामोरा आहे. हेराक्लिओन, रेथिम्नो, मालिया यांच्या लांबलचक वालुकामय पुळणी साध्या दिवशी मुलांसाठी उत्तम असतात, पण वारा चढला की तिथेच कमरेएवढ्या पाण्यात लाटा फुटू लागतात आणि जीवरक्षकाच्या खांबावर लाल निशाण चढते. दक्षिण किनाऱ्याला डोंगरांची आड मिळते, त्यामुळे तिकडे समुद्र बहुधा सपाट राहतो. मात्र यातून ‘वारा असला की दक्षिणेला जावे’ असा सरसकट नियम काढणे धोक्याचे आहे. डोंगर ओलांडून येणारी हवा घळींमधून खाली सुटते आणि प्लाकियास, फ्रांगोकास्तेलो यांसारख्या ठिकाणी झोत बनून येते. तिथे लाटा नसतात, पण वाळूचे कण पायांना टोचतात, छत्र्या उडतात, आणि हवा भरलेल्या गादीवर पहुडलेला माणूस किनाऱ्यापासून आत समुद्राकडे वाहत जाऊ शकतो. हा शेवटचा धोका खरोखर गंभीर आहे. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तर फुगवलेल्या गाद्या, रबरी चकत्या आणि मुलांच्या छोट्या नावा पाण्यात नेऊच नयेत. पाणी कितीही शांत दिसत असले, तरी.

म्हणून अनुभवी लोक पुळण आधी ठरवत नाहीत. ते आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज पाहतात आणि सकाळी ठिकाण ठरवतात. ग्रीसमध्ये वाऱ्याचा जोर बोफोर्ट मापनात सांगतात. तीन-चार असेल तर कुठेही जावे. पाच म्हणजे ताशी साधारण 29 ते 38 किलोमीटर. इथून उत्तर किनाऱ्यावरचे पोहणे कष्टाचे होऊ लागते. सहा म्हणजे 39 ते 49, आणि या टप्प्यापासून छोट्या पर्यटक नौका रद्द होण्याची शक्यता धरून चालावे. आकड्याइतकीच दिशाही महत्त्वाची असते. पश्चिमेला तोंड करून असलेली फालासार्नाची पुळण सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे, पण वायव्येचा वारा असला की लाटा सरळ तिथेच येऊन आदळतात. उलट, नैर्ऋत्य टोकाच्या पलेओहोरा गावाची रचना पाहण्यासारखी आहे. हे गाव समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे; पश्चिमेच्या बाजूला रुंद वाळूची पुळण आणि पूर्वेला, चालत काही मिनिटांवर, गोट्यांची पुळण. पश्चिमेकडे वारा सुटला की लोक पंचे गुंडाळतात, गावातली गल्ली ओलांडतात आणि दुसऱ्या बाजूच्या शांत पाण्यात उतरतात. मोटार लागत नाही आणि दिवसही वाया जात नाही.

उत्तर किनाऱ्यावरही आडोशाच्या जागा आहेत. हेराक्लिओनच्या पश्चिमेची आगिया पेलागिया ही त्यांपैकी एक. दुसरी हानिया शहराजवळच्या आक्रोतिरी द्वीपकल्पावर, सूदा खाडीच्या तोंडाशी आहे; तिचे तोंड दक्षिणेकडे असल्याने उत्तरेचा वारा तिला फारसा लागत नाही. तिचे नाव ‘मराठी’ आहे. आपल्या भाषेशी त्या नावाचा काही संबंध नाही, पण फलकाशेजारी उभे राहून छायाचित्र काढण्याचा मोह कोणत्याही मराठी माणसाला आवरणार नाही, तेव्हा त्यासाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत.

महिना कोणता निवडावा, हा प्रश्न या सगळ्याशी जोडलेला आहे. क्रीटच्या भोवतालचा समुद्र हवेपेक्षा उशिरा तापतो आणि उशिरा थंड होतो. मे महिन्यात हवा प्रसन्न असते, डोंगर फुलांनी भरलेले असतात, पण पाणी 19-20 अंशांच्या आसपास असते, आणि कोकणातल्या कोमट समुद्राची सवय असलेल्या माणसाला ते चांगलेच गार लागते. जूनमध्ये ते 22च्या पुढे जाते, ऑगस्टमध्ये 25-26 अंशांवर पोहोचते, सप्टेंबरभर जवळजवळ तसेच राहते आणि ऑक्टोबरमध्येही 23च्या आसपास असते. माझ्या मते सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा सर्वांत शहाणपणाचा काळ आहे: पाणी उबदार, मेल्टेमीचा जोर ओसरत आलेला, युरोपातल्या शाळा सुरू झाल्याने गर्दी कमी. अडचण अशी की आपल्याकडच्या शाळांची सुट्टी मे महिन्यात असते. मे महिन्यातच जाणे भाग असेल तर अखेरचा आठवडा निवडावा, आणि पोहण्याइतकेच महत्त्व भटकंतीला द्यावे. ऑगस्टचा मध्य मात्र टाळावा. 15 ऑगस्टला ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथात मेरीमातेचा मोठा सण असतो, त्या आठवड्यात ग्रीक कुटुंबे स्वतःच बेटांवर उतरतात, आणि खोल्या, मोटारी व बोटींची तिकिटे या सर्वांची टंचाई होते.

समुद्राविषयी आणखी एक फरक सांगितला पाहिजे. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या वर चढते आणि ओहोटीला दूरवर मागे हटते, म्हणून आपल्याकडे वेळापत्रक पाहून पाण्यात उतरण्याची पद्धत आहे. क्रीटला भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीत-दीड वीत असतो. सकाळी अंथरलेली चटई संध्याकाळीही कोरडीच राहते. मात्र याचा अर्थ पाणी निर्धोक असते असा नाही. लाटा असताना माणसाला आत ओढणारे प्रवाह तिथेही तयार होतात, आणि पुष्कळशा दूरच्या पुळणींवर जीवरक्षक नसतो. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, कारण पूर्व भूमध्य समुद्रात पोषक द्रव्ये फार कमी आहेत आणि त्यामुळे पाणी गढूळ करणारे सूक्ष्म जीवही कमी वाढतात. तळ दिसतो म्हणून खोली कमी असेल, हा समज तेवढा बाजूला ठेवावा.

मुक्कामाच्या जागेबाबत सर्वांत मोठी चूक म्हणजे एकाच हॉटेलात राहून संपूर्ण बेट पाहण्याचा बेत. हेराक्लिओन ते हानिया हे अंतर सुमारे 140 किलोमीटर, म्हणजे अडीच तासांचे. हेराक्लिओनहून नैर्ऋत्य टोकाच्या एलाफोनिसीच्या पुळणीला जाऊन यायचे तर सात-आठ तास मोटारीतच जातात. आठवडाभराची सुट्टी असेल तर अर्धे बेट सोडून द्यावे. पहिल्यांदा जाणाऱ्याने पश्चिम क्रीट निवडावे, कारण हानियाचे जुने व्हेनेशियन बंदर, फालासार्ना, बालोस, एलाफोनिसी या पुळणी आणि दक्षिणेकडची बोटीची गावे तिथून आवाक्यात येतात. चार रात्री हानिया परिसरात आणि तीन रात्री दक्षिणेला पलेओहोरा किंवा प्लाकियासला, अशी विभागणी केली की वाऱ्याच्या दोन्ही बाजू हाताशी राहतात. पूर्वेकडचे आगिओस निकोलाओस आणि एलुंडा हे शांत, महागड्या हॉटेलांसाठी ओळखले जातात. तिथून स्पिनालोंगा या छोट्या बेटावर बोटीने जाता येते, जिथे 1903 ते 1957 या काळात कुष्ठरोग्यांची वसाहत होती. हेर्सोनिसोस आणि मालिया ही रात्रभर संगीत चालणारी ठिकाणे आहेत. कुटुंबासाठी ती सुचवणार नाही, जरी मालियाजवळचा प्राचीन मिनोअन संस्कृतीचा राजवाडा पाहण्यासारखा असला तरी. क्नोसोस, फेस्टोस, मालिया यांच्यासह सहा मिनोअन केंद्रांना 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. ही ठिकाणे सकाळी दार उघडताच पाहावीत, कारण उष्णतेची लाट असताना दुपारी ती बंद ठेवली जाऊ शकतात.

एलाफोनिसीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण क्रीटला जाणारा प्रत्येकजण तिचे छायाचित्र पाहूनच निघतो. तिथे किनारा आणि एक छोटे बेट यांच्यामध्ये उथळ पाणी आहे, बहुतेक ठिकाणी गुडघा-मांडीपर्यंत, आणि लहान मुले त्यातून चालत पलीकडे जाऊ शकतात. वाळूला गुलाबी छटा येते ती सूक्ष्म सागरी जीवांच्या लालसर कवचांच्या चुऱ्यामुळे. ही छटा सगळीकडे नसते. पाण्याच्या कडेला, लाट मागे सरते तिथे, पट्ट्यापट्ट्यांनी दिसते, आणि छायाचित्रांतला गडद गुलाबी किनारा शोधणाऱ्याची निराशा होते. वाळू उचलून नेण्यास मनाई आहे. उन्हाळ्यात दुपारपर्यंत बसगाड्यांतून माणसे येत राहतात, म्हणून सकाळी नऊच्या आत पोहोचावे किंवा चारनंतर जावे.

वाहतुकीत दोन पर्याय आहेत. उत्तर किनाऱ्यावरच्या शहरांदरम्यान केटीईएलच्या बसगाड्या वारंवार आणि वेळेवर धावतात; हानिया, रेथिम्नो, हेराक्लिओन एवढेच पाहायचे असेल तर मोटारीची गरज नाही. दक्षिणेकडे जाणाऱ्या बस मात्र दिवसातून मोजक्याच असतात. दूरच्या पुळणींसाठी मोटार भाड्याने घ्यावी लागते, आणि त्यासाठी भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवानाही लागतो, जो आपल्या आरटीओकडून 1,000 रुपये शुल्कात मिळतो आणि वर्षभर चालतो. निघण्याआधी तो काढावा. ग्रीसमध्ये पोहोचल्यावर तो मिळवता येत नाही. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. हाताने गिअर बदलण्याची मोटार हीच तिथे नेहमीची, तेव्हा स्वयंचलित हवी असेल तर लवकर आणि अधिक पैसे देऊन राखून ठेवावी लागते. विम्याचा करार नीट वाचावा: ‘संपूर्ण विमा’ म्हटले तरी टायर, काच आणि मोटारीचा खालचा भाग अनेकदा त्यातून वगळलेला असतो, आणि बालोसकडे जाणाऱ्या खडबडीत मातीच्या रस्त्यासारख्या ठिकाणी मोटार नेल्यास विमा लागू होत नाही. बालोसला किस्सामोस बंदरातून बोटीने जाणे अधिक सोयीचे. उत्तरेच्या महामार्गावर आणखी एक प्रथा पाहायला मिळते: संथ चालणारी मोटार उजवीकडे कडेच्या पट्ट्यावर सरकते आणि मागच्याला वाट देते. नियमपुस्तकात बसणारी ही गोष्ट नाही. तिचे अनुकरण करताना वळणापलीकडे कडेला कोणी थांबलेले नाही ना, हे आधी पाहावे.

दक्षिणेची काही गावे मोटारीच्या आवाक्यातच नाहीत. लुत्रो आणि आगिया रूमेलीला बोटीने किंवा पायवाटेने जावे लागते. सामारिया घळीतली सुप्रसिद्ध पदभ्रमंती, सुमारे 16 किलोमीटरची, डोंगरात सुरू होऊन आगिया रूमेलीला समुद्रकाठी संपते. तिथून बोट सुगिया किंवा होरा स्फाकिओनला आणि पुढे बस हानियाला. बोट रद्द झाली की ही साखळी तुटते, म्हणून या बेताच्या दिवशी वाऱ्याचा अंदाज पाहणे अटळ आहे. लुत्रोच्या वाटेवर ‘गोडे पाणी’ नावाची गोट्यांची पुळण आहे. तिथे पाण्याच्या कडेला गोटे हाताने बाजूला सारून वीतभर खड्डा केला की त्यात थंडगार, पिण्याजोगे पाणी झिरपते. श्वेत पर्वतांवरचा पाऊस आणि बर्फाचे पाणी चुनखडकाच्या भेगांतून उतरत येऊन थेट समुद्राच्या काठावर वर येते, आणि पोहताना अंगावरून अचानक गार पाण्याचा पट्टा सरकतो तोही त्याचाच.

व्हिसाबद्दल आवश्यक तेवढेच. ग्रीस शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण 45 पर्यंत लागू शकतात, शिवाय उन्हाळ्यात अर्जाची वेळ मिळणेच अवघड होते. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो, अधिक अर्ज केंद्राचे सेवाशुल्क. आरोग्य विमा किमान 30,000 युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध असावा. ज्या देशात सर्वाधिक रात्री राहायचे त्याच्याकडे अर्ज करायचा असतो, म्हणजे इटलीत पाच आणि क्रीटमध्ये चार रात्री असतील तर अर्ज इटलीकडे. 12 ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे अथेन्सहून क्रीटचे पुढचे विमान पकडताना मध्ये किमान तीन तास ठेवावेत. ज्यांना घाई नाही त्यांनी अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्रीची मोठी बोट घ्यावी. झोपेत एक रात्र जाते, हॉटेलचे एक दिवसाचे भाडे वाचते आणि पहाटे हेराक्लिओन किंवा हानियाजवळचे सूदा बंदर येते.

खर्चात दोन बाबी अनपेक्षित वाटतात. 2025 पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात हॉटेलच्या खोलीमागे दर रात्री हवामानविषयक कर आकारला जातो: तीन तारांकित हॉटेलात 5 युरो, चार तारांकितमध्ये 10 आणि पाच तारांकितमध्ये 15. आगाऊ भरलेल्या रकमेत तो बहुधा धरलेला नसतो. दुसरी बाब छत्री आणि आरामखुर्च्यांच्या भाड्याची. ग्रीसमध्ये समुद्रकिनारा सर्वांचा आहे. 2024 च्या कायद्याने खुर्च्या पाण्याच्या कडेपासून किमान चार मीटर दूर ठेवणे बंधनकारक केले आणि त्यांनी किती जागा व्यापावी यावरही मर्यादा घातली. आपला पंचा अंथरून मोकळ्या जागेत बसण्याला कोणीही हरकत घेऊ शकत नाही. रेथिम्नोच्या पुळणीवर मात्र वाळूत छोटे पिंजरे आणि फलक दिसतील: तिथे कॅरेटा जातीची समुद्री कासवे उन्हाळ्यात अंडी घालतात. कोकणातल्या वेळासच्या कासवांविषयी ज्यांना माहिती आहे त्यांना रात्री किनाऱ्यावर विजेरी का लावायची नाही हे वेगळे सांगावे लागणार नाही.

शाकाहारी माणसाची क्रीटवर उपासमार होत नाही. दाकोस म्हणजे जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि ताजे चीज. होर्ता म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. गेमिस्ता म्हणजे भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, पण त्यात खिमा नाही ना हे विचारून घ्यावे. ग्रीक उपवासाचे पदार्थ ‘निस्तीसिमो’ या नावाने मिळतात आणि त्यांत मांस, अंडी, दूध नसते. मात्र उपवासाला कोळंबी, माकूळ, अष्टपाद चालतात, तेव्हा नुसत्या त्या शब्दावर विसंबू नये. जेवणाअखेर फळे आणि राकी या कडक मद्याचा छोटा चंबू न मागता येतो आणि त्याचे पैसे सहसा लागत नाहीत. मोटार चालवणाऱ्याने फळांवरच थांबावे.

उन्हाळ्यात वणव्यांचा धोका खरा आहे. जुलै 2025 मध्ये इएरापेत्राजवळ जोरदार वाऱ्यात आग पसरली आणि हजाराहून अधिक लोकांना घरे व हॉटेले सोडून हलावे लागले. आपत्कालीन क्रमांक 112 आहे, आणि त्याच क्रमांकाच्या नावाने मोबाईलवर कर्कश आवाजात सूचना येते; ती इंग्रजीतही असते आणि ती बंद करून पुन्हा झोपण्यासारखी नसते. वारा हा शेवटच्या दिवशीही हिशेबात धरावा लागतो. परतीचे विमान हानिया किंवा हेराक्लिओनहून असेल, तर आदल्या रात्रीचा मुक्काम उत्तर किनाऱ्यावरच ठेवावा. लुत्रोसारख्या बोटीच्या गावात शेवटची रात्र काढली आणि सकाळी वाऱ्यामुळे बोट सुटली नाही, तर विमान गाठण्यासाठी हाती उरते ती होरा स्फाकिओनकडे जाणारी डोंगरकड्यावरची पायवाट, तीही खांद्यावर सामान घेऊन.